ब्रिटनचे पोलीस एवढे गोरे का? भरती, गळती आणि मधलं गणित

महाराष्ट्रात पोलीस भरती निघाली की गावाबाहेरच्या रस्त्यांवर पहाटेपासून पोरं-पोरी धावताना दिसतात. २०२४ च्या भरतीत साधारण साडेसतरा हजार जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. त्यामुळे ‘पोलिसांत यायला माणसं मिळत नाहीत’ हे वाक्यच आपल्या कानाला विचित्र लागतं. ब्रिटनमध्ये मात्र गेली पंचवीस वर्षं सरकार कृष्णवर्णीय आणि आशियाई तरुणांना ‘पोलिसांत या’ म्हणून गळ घालतंय, आणि ते हवे तेवढे येत नाहीत. आलेल्यांपैकी बरेचसे टिकत नाहीत, हा त्याच्या पुढचा प्रश्न. चर्चा पहिल्या प्रश्नाची जास्त होते, पण माझ्या मते खरी गोम दुसऱ्यात आहे.

आधी आकडे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार गोरे नसलेले लोक १८.३ टक्के आहेत. मार्च २०२३ मध्ये पोलिसांत त्यांचं प्रमाण होतं ८.४ टक्के. कृष्णवर्णीयांचं आणखी कमी: लोकसंख्येत चार टक्के, पोलिसांत जेमतेम सव्वा-दीड. (तिकडे ‘आशियाई’ म्हटलं की मुख्यतः भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून गेलेली मंडळी. आपण त्यातच येतो.)

२००७ मध्ये पोलिसांतल्या बिगरगोऱ्यांचं प्रमाण ३.९ टक्के होतं, तेव्हा प्रमाण दुपटीहून वाढलं असं मंत्री सांगू शकतात, आणि सांगतातही. पण लोकसंख्याही थांबलेली नव्हती. २०११ मध्ये जनतेत १४ टक्के, पोलिसांत ४.८, म्हणजे तफावत ९.२. दहा वर्षांनी १८.३ आणि ७.६, तफावत १०.७. दहा वर्षं भरती मोहिमा चालल्या, जाहिराती झाल्या, आणि दरी वाढली.

हे सुरू कुठून झालं

१९८१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन भागात पोलीस आणि कृष्णवर्णीय तरुणांमध्ये दंगल पेटली. त्यावर लॉर्ड स्कारमन यांचा चौकशी अहवाल आला. पोलीस दलात अल्पसंख्याक वाढवा, असं त्यात तेव्हाच लिहिलं होतं. फारसं काही घडलं नाही. १९९३ मध्ये आग्नेय लंडनमधल्या एल्टहॅमला स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या मुलाचा गोऱ्या तरुणांनी बसस्टॉपजवळ भोसकून खून केला. पोलिसांनी तपासात इतका घोळ घातला की १९९९ च्या मॅकफर्सन अहवालानं लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांवर, ज्यांना सगळे ‘मेट’ म्हणतात, संस्थात्मक वंशवादाचा ठपका ठेवला. त्याच वर्षी गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी उद्दिष्ट ठरवलं: दहा वर्षांत देशभरात अल्पसंख्याक पोलीस सात टक्के. २००९ उजाडलं तेव्हा आकडा होता साडेचारच्याही खाली.

दल समाजासारखं दिसावं हा हट्ट कशासाठी, असं कुणी विचारेल. ब्रिटिश पोलीस बहुतांशी बंदुकीविना गस्त घालतात. त्यांचं सगळं काम लोकांच्या संमतीवर उभं आहे. साक्षीदार बोलला नाही, शेजाऱ्यानं दार उघडलं नाही, तर तपास तिथंच अडतो. ज्या वस्तीत पोलीस ‘त्यांचे’ आणि आपण ‘वेगळे’ अशी भावना आहे, तिथं दार उघडत नाही.

अर्जच का येत नाहीत

रस्त्यात थांबवून झडती घेण्याचा अधिकार तिथल्या पोलिसांना आहे. २०१९-२० मध्ये कृष्णवर्णीय माणसाला अशी झडती द्यावी लागण्याची शक्यता गोऱ्याच्या जवळपास नऊपट होती. चौदाव्या वर्षापासून ज्याचे खिसे तपासले गेले, त्याला एकविसाव्या वर्षी ‘आमच्यात ये’ म्हणायचं. आणि तो गेलाच, तर आधी घरचे विचारणार की तू कुणाच्या बाजूचा?

सिस्लिन फे ॲलन या जमैकातून आलेल्या, क्रॉयडनमध्ये नर्स होत्या. १९६८ मध्ये त्या ब्रिटनच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला कॉन्स्टेबल झाल्या. पहिल्या गस्तीला बातमीदारांची गर्दी, आणि पाठोपाठ द्वेषाची पत्रं. चारेक वर्षांत त्या नोकरी सोडून कुटुंबासह जमैकाला परतल्या आणि तिथल्या पोलिसांत दाखल झाल्या. म्हणजे पोलिसाची नोकरी त्यांना नकोशी झाली नव्हती.

भारतीय कुटुंबांचं कारण थोडं निराळं. डॉक्टर, फार्मसी, अकाउंटन्सी, आयटी या वाटा समोर असताना पोरानं रात्रपाळीत दारुड्यांना आवरत फिरावं, हे कुठल्या आईबापाला आवडेल? लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, तिथल्या गप्पांतही हाच सूर लागत असणार, हा माझा अंदाज. कायद्याची आडकाठी मात्र नाही. ब्रिटिश नागरिकत्व नसलं तरी कायम वास्तव्याचा परवाना असलेला भारतीय तिथं कॉन्स्टेबल होऊ शकतो.

आरक्षण नाही, मग आहे काय?

आपण लगेच म्हणू, एवढं असेल तर जागा राखून ठेवा. बिंदुनामावली लावा, विषय संपला. इंग्लंडमध्ये ते बेकायदा आहे. २०१० चा समानता कायदा वंशावरून निवड करायला मनाई करतो, मग ती मागे राहिलेल्यांच्या भल्यासाठी का असेना. तो परवानगी देतो ती ‘पॉझिटिव्ह ॲक्शन’ची: ज्यांचं प्रमाण कमी आहे त्यांच्या वस्तीत जाऊन माहिती द्या, मोफत मार्गदर्शन वर्ग घ्या, मुलाखतीचा सराव करून घ्या. निवडीच्या टेबलावर मात्र सगळे सारखे. एकच बारीक फट ठेवली आहे: दोन उमेदवार खरोखर समान पात्रतेचे असतील, तर कमी प्रमाणातल्या गटातला निवडता येतो. तेही प्रत्येक जोडी तपासून, सरसकट धोरण म्हणून नाही.

चेशर पोलिसांनी ही फट दरवाजाएवढी करून पाहिली. मुलाखतीत उत्तीर्ण झालेल्या १२७ जणांना त्यांनी ‘समान पात्र’ ठरवलं आणि मग वंश, लिंग वगैरे पाहून निवड केली. डावलला गेलेला एक गोरा तरुण न्यायाधिकरणात गेला आणि २०१९ मध्ये जिंकला. १२७ माणसं एकाच मापाची कशी, हा साधा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हतं. त्या निकालानंतर बाकीची दलंही जपून पावलं टाकू लागली.

लंडननं आडवाटेनं प्रयत्न केले. २०१४ मध्ये मेटनं अट घातली की गेल्या सहापैकी किमान तीन वर्षं लंडनमध्ये राहिलेलेच अर्ज करू शकतील. वंशाचा उल्लेख कुठंच नाही. पण लंडनची जवळपास अर्धी वस्ती बिगरगोरी आहे आणि आसपासच्या परगण्यांतली बरीचशी गोरी, तेव्हा परिणाम उघड होता. २०१५ मध्ये काही काळ दुसरी भाषा येणाऱ्यांनाच घेऊन पाहिलं. चौदा भाषांच्या त्या यादीत हिंदी, पंजाबी, बंगाली होत्या. मराठी नव्हती.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेला उपाय फुकटचा आहे. ब्रिस्टलकडच्या एव्हन अँड सॉमरसेट पोलिसांच्या लक्षात आलं की भरतीच्या एका ऑनलाइन चाचणीत अल्पसंख्याक उमेदवार फार गळतात. ‘अमुक प्रसंगी तुम्ही काय कराल’ छापाची ती चाचणी. त्यांनी प्रश्न बदलले नाहीत, उत्तीर्णांची रेघ खाली आणली नाही. चाचणीची लिंक पाठवणारा ईमेल बदलला. आधीचा मजकूर कोरडा, सरकारी. नव्यात अभिनंदन होतं, आणि चाचणी उघडण्याआधी दोन मिनिटं विचार करायची विनंती: पोलीस होणं तुम्हाला आणि तुमच्या समाजाला का महत्त्वाचं वाटतं? अल्पसंख्याकांचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांवरून साठवर गेलं, गोऱ्यांच्या बरोबरीला. गोऱ्यांच्या निकालात फरक पडला नाही. आपण इथं उपरे आहोत, हे दडपण चाचणीला बसतानाच मनावर असतं आणि ते थोडं हटलं की माणूस आपल्या कुवतीप्रमाणे उत्तर देतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरानंही असाच प्रयोग केला, पोस्टकार्डांवर. एका कार्डावर ‘समाजाची सेवा करा’, दुसऱ्यावर ‘हे आव्हान पेलाल का?’, तिसऱ्यावर दीर्घकाळच्या करिअरची गोष्ट. सेवेच्या कार्डानं काहीच हललं नाही. आव्हान आणि करिअरवाल्या कार्डांनी अर्ज करण्याची शक्यता तिपटीनं वाढली, आणि कृष्णवर्णीयांसारख्या गटांत त्याहून जास्त. सेवेची हौस असलेले आधीच रांगेत उभे असतात. बाकीच्यांना पगार, बढती, निवृत्तिवेतन जाणून घ्यायचं असतं. आपल्याकडच्या पोरांना हे कुणी सांगावं लागत नाही.

अर्जानंतर धावण्याची चाचणी (आपल्या मानानं अगदीच सोपी), वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी. गाळणी बसते ती पडताळणीत. तिथं उमेदवाराबरोबर त्याचे नातेवाईक, मित्र, कर्ज असं सगळं पाहतात. ज्या वस्तीत पोलीस जास्त धरपकड करतात, तिथल्या प्रामाणिक पोराचाही एखादा चुलतभाऊ नोंदीत सापडतोच.

जाणाऱ्यांचं गणित

आता मुद्द्याचं. समजा, एका दलात हजार पोलीस आहेत आणि त्यात ऐंशी अल्पसंख्याक. दरवर्षी सत्तर जण निवृत्ती किंवा राजीनाम्यानं जातात, सत्तर नवे येतात. नव्यांमध्ये नऊ अल्पसंख्याक धरू, आणि जाणाऱ्यांमध्ये सहा. वर्षाला तिघांची भर. ऐंशीचे एकशे ऐंशी, म्हणजे लोकसंख्येतल्या अठरा टक्क्यांच्या बरोबरीचे, व्हायला तेहतीस वर्षं लागतील. आता भरती तशीच ठेवा, फक्त जाणारे सहाऐवजी आठ करा: भर एकाची, शंभर वर्षं. चारच गेले तर? वीस वर्षं. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, पण गणित खरं आहे. वर्षाला दोन-दोन माणसांच्या फरकानं वीस आणि शंभर वर्षांचं अंतर पडतं, आणि ती दोन माणसं भरतीच्या जाहिरातीत कुठंच दिसत नाहीत.

ती का जातात? नॉर्वेल रॉबर्ट्स १९६७ मध्ये मेटमध्ये आले, आधुनिक काळातले तिथले पहिले कृष्णवर्णीय कॉन्स्टेबल. मेटनं त्यांचे फोटो छापून आणले. पहिल्याच दिवशी सार्जंटनं वर्णावरून शिवी हासडून सुनावलं की तुझं प्रोबेशन पूर्ण होणार नाही याची व्यवस्था मी करतो. सहकारी बोलायचे नाहीत, गणवेशाची बटणं तोडली जायची, गाडीची नासधूस व्हायची. ते तीस वर्षं टिकले आणि डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून निवृत्त झाले. त्यांचं कौतुक करावं तितकं थोडं, पण टिकायला एवढा निबरपणा लागत असेल तर तो किती जणांत असणार?

हे जुनं झालं म्हणाल, तर २०२३ चा बॅरोनेस लुईस केसी यांचा मेटवरचा अहवाल बघा. एका मुस्लिम पोलिसाच्या बुटात सहकाऱ्यांनी बेकन, म्हणजे डुकराचं मांस, ठेवलं. एका शीख पोलिसाची दाढी कातरली, दुसऱ्याची पगडी बुटांच्या खोक्यात टाकली. मेटनं २००१ मध्येच गणवेशात हिजाबला मान्यता दिली होती. नियमांच्या पुस्तकात सगळं ठीकच होतं. लॉकर रूममध्ये ते पुस्तक कुणी उघडत नाही.

नवी पिढी आली की हे आपोआप सुधारेल, या आशेलाही २००३ मध्ये तडा गेला होता. बीबीसीचा एक पत्रकार शिकाऊ पोलीस बनून वॉरिंग्टनजवळच्या प्रशिक्षण केंद्रात राहिला आणि छुप्या कॅमेऱ्यानं चित्रण केलं. एक प्रशिक्षणार्थी उशीच्या अभ्र्याचा कू क्लक्स क्लान या अमेरिकेतल्या गोऱ्या वंशद्वेष्ट्या टोळीसारखा टोप करून डोक्यावर चढवताना त्यात दिसला. ही मुलं मॅकफर्सन अहवालानंतर भरती झालेली होती.

अशा उघड छळाबद्दल निदान बातम्या येतात. माणसं घालवणारी दुसरी एक गोष्ट मात्र दिसायला अगदी निरुपद्रवी आहे: साहेबाचा संकोच. २००४ मध्ये जमैकात जन्मलेले कामगार नेते बिल मॉरिस यांनी मेटची चौकशी केली, तेव्हा हे पुढं आलं. गोऱ्या कॉन्स्टेबलनं वहीत नोंद चुकवली, तर सार्जंट त्याला बाजूला घेऊन झापतो आणि चहा पाजून सोडतो. तीच चूक आशियाई कॉन्स्टेबलनं केली, तर सार्जंट बिचकतो. काही बोललो आणि आपल्यावरच वंशभेदाचा आरोप आला तर? मग तो कागद वर पाठवतो. जी गोष्ट दोन वाक्यांत मिटली असती तिची खातेनिहाय चौकशी होते. चौकशी म्हणजे महिनोन्‌महिने लटकत राहणं, आणि तोवर बढतीचं नाव काढायचं नाही. केसी यांनी आकडा दिला: मेटमध्ये कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांवर गैरवर्तनाचा आरोप होण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा ८१ टक्के जास्त, आशियाईंची ५५ टक्के जास्त.

सार्जंट गुरपाल विर्दी यांचं प्रकरण यातलं टोक. लंडनच्या ईलिंग भागातल्या अल्पसंख्याक पोलिसांना द्वेषाची पत्रं आली. ती विर्दींनीच पाठवली, स्वतःलासुद्धा, असा ठपका ठेवून २००० मध्ये त्यांना बडतर्फ केलं. त्याच प्रकरणात संशय आलेल्या एका गोऱ्या महिला सहकाऱ्याशी मात्र चौकशीत वेगळी वागणूक होती. न्यायाधिकरणानं हा वंशभेद ठरवला, मेटला माफी मागावी लागली आणि २००२ मध्ये विर्दी पुन्हा कामावर आले. ही बातमी साऊथॉलच्या, म्हणजे लंडनमधल्या पंजाबी वस्तीच्या, घराघरांत पोचली असेल. तिथल्या पुढच्या भरती मेळाव्याला कोण जाणार?

इथं भरती आणि गळती हे दोन प्रश्न उरत नाहीत. नोकरी सोडून आलेला एक काका घरातल्या सगळ्या पोरांची भरती थांबवतो. २००८ मध्ये तर मेटमधल्या कृष्णवर्णीय पोलिसांच्या संघटनेनंच आपल्या लोकांना सांगितलं की सध्या इथं अर्ज करू नका. बढतीचंही तेच. मायकल फुलर २००४ मध्ये केंटचे प्रमुख झाले, देशातले पहिले कृष्णवर्णीय चीफ कॉन्स्टेबल. वडिलांकडून बंगाली असलेले नील बासू मेटमध्ये दहशतवादविरोधी विभागाच्या प्रमुखपदापर्यंत गेले. पण हुद्दा चढत जाईल तसं प्रमाण घटतं, आणि खालच्या माणसाला वर बघून आपलं कुणी दिसत नाही.

जिथं आरक्षण दिलं तिथं काय झालं

ब्रिटनच्याच एका कोपऱ्यात पोलिसांत खरोखर राखीव जागा होत्या. उत्तर आयर्लंडमध्ये. तिथली रेघ वर्णाची नसून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांची. प्रोटेस्टंटांना बहुतांशी ब्रिटनमध्येच राहायचं, बऱ्याच कॅथलिकांना आयर्लंडमध्ये जायचं, आणि त्यावरून तीसेक वर्षं रक्तपात चालला. जुन्या दलात कॅथलिक जेमतेम आठ टक्के होते. १९९८ च्या शांतता करारानंतर ख्रिस पॅटन यांच्या आयोगानं १९९९ मध्ये नवं दल उभारायला सांगितलं आणि २००१ पासून कायदाच झाला: पात्रतेची रेघ ओलांडलेल्यांमधून निम्मे कॅथलिक, निम्मे बाकीचे. युरोपीय महासंघाच्या समानता नियमांतून त्यासाठी खास सूट घेतली होती. जुन्या अधिकाऱ्यांना चांगले पैसे देऊन स्वेच्छानिवृत्तीची वाट करून दिली, म्हणजे जागा भराभर मोकळ्या झाल्या. २०११ मध्ये योजना थांबली तेव्हा कॅथलिक तीस टक्क्यांच्या आसपास पोचले होते. दहा वर्षांत आठचे तीस. इंग्लंडला हे स्वप्नातही जमलेलं नाही. (गंमत अशी, की तिथले चिनी किंवा भारतीय वंशाचे उमेदवार कॅथलिक नसले तर ‘बाकीचे’ या अर्ध्यात मोजले जायचे. एका अल्पसंख्याकाची सोय करताना दुसरा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता.)

पुढं मात्र आकडा अडकला. आज कॅथलिक लोकसंख्येत सुमारे ४६ टक्के आहेत, पोलिसांत तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. कारण कोट्यानं नोकरी दिली, तरी ती नोकरी घेऊन गावात राहायचं होतं. पॅडर हेफ्रन हा कॅथलिक, आयरिश भाषा बोलणारा, पोलिसांच्या गेलिक फुटबॉल (आयरिश लोकांचा पारंपरिक खेळ) संघाचा कर्णधार. नव्या दलाचा चेहराच म्हणा. पोलिसांत गेल्यावर गावातल्या जुन्या सवंगड्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. जानेवारी २०१० मध्ये कामावर जाताना त्याच्या गाडीखाली शांतता करार न मानणाऱ्या आयरिश बंडखोरांनी लावलेला बॉम्ब फुटला आणि एक पाय गेला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये ओमा गावात रोनन केर हा पंचवीस वर्षांचा कॅथलिक कॉन्स्टेबल तशाच बॉम्बनं मारला गेला.

म्हणून तिथले कित्येक कॅथलिक पोलीस आपण काय काम करतो हे नातेवाइकांनाही सांगत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर देताना याच दलानं एक्सेल फाइल पाठवली. तिच्यात नजरेआड राहिलेल्या एका शीटवर जवळपास साडेनऊ हजार कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणं होती. दोन-अडीच तास ती फाइल इंटरनेटवर कुणालाही उघडता येत होती. दलाला साडेसात लाख पौंड दंड झाला.

राखीव जागा परत आणा, ही मागणी तिथं अधूनमधून उठते. प्रोटेस्टंट पक्षांचा विरोध आहे, आणि त्याहून मोठी अडचण पैशांची. पॅटन यांनी साडेसात हजारांचं दल सुचवलं होतं. निधीअभावी ते अलीकडे साडेसहा हजारांच्याही खाली गेलं. निम्म्या जागा कॅथलिकांना द्यायच्या म्हटलं तरी आधी तेवढी भरती निघायला हवी.